भ्रूण अस्तराला धरतो कसा? चिकटण्याच्या प्रयोगातून

भ्रूणाचा गोळा गर्भाशयाच्या अस्तरावर टेकला म्हणजे तो चिकटला असं होत नाही. नुसता टेकलेला आणि घट्ट धरलेला, दोन्ही गोळे सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसतात. फरक कळतो तो धुतल्यावर. म्हणून चिकटण्याच्या प्रयोगात, म्हणजे प्लेटमध्ये वाढवलेल्या अस्तराच्या पेशींवर भ्रूणासारखे गोळे ठेवून त्यांतले किती चिकटतात ते मोजताना, आम्ही सगळ्यात जास्त काळजी धुण्याच्या पायरीची घेतो. किती जोराने, कोणत्या द्रावणाने आणि किती वेळानंतर धुतलं हे सांगितल्याशिवाय 'इतके टक्के चिकटले' या आकड्याला काहीच अर्थ राहत नाही. हा प्रयोग आम्ही ज्या क्रमाने करतो त्याच क्रमाने इथे मांडतो आहोत, आणि कुठे काय बिघडतं आणि का, तेही.

आधी शरीरात काय घडतं ते. फलनानंतर साधारण पाचव्या दिवशी भ्रूण ब्लास्टोसिस्टच्या अवस्थेत येतो. बाहेर ट्रोफेक्टोडर्म नावाच्या पेशींचा एकपदरी थर, आत द्रवाने भरलेली पोकळी, आणि एका बाजूला पुढे ज्यातून बाळ घडतं तो पेशींचा पुंजका. भोवतीचं झोना पेल्युसिडा हे कवच फोडून तो बाहेर येतो तेव्हा त्याच्या पेशींचा पृष्ठभाग पहिल्यांदाच अस्तरासमोर उघडा पडतो. माणसात तो पुंजक्याच्या बाजूने अस्तराला धरतो. उंदरात नेमकं उलट, पोकळीच्या बाजूने. अस्तरही कायम तयार नसतं. २८ दिवसांचं चक्र धरलं तर साधारण २० ते २४ या दिवसांत ते भ्रूणाला धरू देतं, एरवी नाही. वेळेचं हे गणित किती कडक आहे ते ॲलन विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवलं. रोजच्या लघवीतल्या एचसीजी या गर्भधारणेच्या संप्रेरकावरून त्यांनी रुजण्याचा दिवस ठरवला. टिकलेल्या गर्भधारणांपैकी ८४ टक्के अंडमोचनानंतर, म्हणजे अंडाशयातून बीज सुटल्यानंतर, ८, ९ किंवा १० व्या दिवशी रुजल्या होत्या. लवकर गर्भ गळण्याचं प्रमाण नवव्या दिवसापर्यंत रुजलेल्यांत १३ टक्के होतं, दहाव्या दिवशी रुजलेल्यांत २६, अकराव्या दिवशी ५२ आणि त्यानंतर रुजलेल्यांत ८२ टक्के.

मात्र मानवी शरीरात हा पहिला स्पर्श होताना कोणीच पाहिलेला नाही. आर्थर हर्टिग आणि जॉन रॉक यांनी बॉस्टनमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांमधून सुरुवातीचे ३४ भ्रूण मिळवले. त्यांतला सर्वांत लहान रुजलेला भ्रूणसुद्धा अस्तरात काही प्रमाणात शिरलेलाच होता. त्याआधीचे काही तास आपल्याला प्लेटमध्येच उभे करावे लागतात. त्या तासांत कोण कोणाला धरतं हे शोधायचं असेल तर काम करणारे रेणू आधी ओळखून घ्यायला हवेत, कारण प्रयोगातली प्रत्येक निवड, अगदी धुण्याचं पाणीसुद्धा, त्यांच्यावरून ठरते.

पहिला रेणू चिकटवणारा नाहीच, तो अडवणारा आहे. अस्तराच्या पेशींच्या वरच्या बाजूला म्यूक-१ हे साखरेने लदलेलं लांबलचक प्रथिन, म्हणजे म्यूसिन, असतं. पेशीच्या पृष्ठभागापासून ते २०० ते ५०० नॅनोमीटर उंच उभं राहतं. पेशीला घट्ट धरून ठेवणारं इंटिग्रिन हे पृष्ठभागावरचं प्रथिन पूर्ण ताठ झालं तरी २० नॅनोमीटरच्या आसपासच भरतं. म्हणजे म्यूसिनचं रान मध्ये असताना इंटिग्रिनचा हात समोरच्या पेशीपर्यंत पोचूच शकत नाही. उंदरात रुजण्याच्या वेळी हे म्यूसिन सगळ्या अस्तरावरून कमी होतं. माणसात तसं होत नाही. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे ते उलट वाढतं. मग भ्रूण जागा कशी मिळवतो? मेसेगर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मानवी ब्लास्टोसिस्ट अस्तराच्या पेशींवर ठेवून पाहिले, तेव्हा भ्रूण जिथे चिकटला होता नेमकं तिथलं म्यूक-१ नाहीसं झालेलं दिसलं. बाकीचं अस्तर जसंच्या तसं. बाकी अस्तर झाकलेलं ठेवून फक्त आपल्यापुरती जागा मोकळी करायची, ही माणसाच्या रुजण्यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट आहे.

दुसरा रेणू एल-सिलेक्टिन. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाहत्या रक्तातून रक्तवाहिनीच्या भिंतीशी थांबतात त्या याच्याच जोरावर. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या सुसान फिशर यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवलं की कवचातून बाहेर पडलेल्या मानवी भ्रूणाच्या ट्रोफेक्टोडर्मवरही एल-सिलेक्टिन असतं, आणि त्याला धरणाऱ्या सल्फेट जोडलेल्या साखरेच्या साखळ्या अस्तरावर योग्य दिवसांत वाढतात. सिलेक्टिनचा एकेक बंध सेकंदाच्या अंशातच सुटतो, पण तितक्याच झटकन नवा बांधला जातो. ओढ्यातली काडी काठच्या गवताला अडकत-सुटत हळू होत जाते, तसा भ्रूण या बंधांनी मंदावतो. या साखळ्या म्यूसिनसारख्या उंच प्रथिनांच्या टोकांवरही असतात. त्यामुळे म्यूसिन अडवतं हे खरं असलं तरी पहिली पकड त्याच उंचीवर मिळण्याची शक्यता आहे. म्यूसिनला निव्वळ शत्रू मानून प्रयोग आखला तर निकाल कोड्यात टाकतात, ते यामुळेच.

तिसरं कुटुंब इंटिग्रिनचं, आणि खरा भार तेच पेलतं. ब्रूस लेसी यांनी १९९२ मध्ये अस्तराच्या नमुन्यांत इंटिग्रिनचं वेळापत्रक मांडलं. प्रत्येक इंटिग्रिनचं नाव त्याच्या अल्फा आणि बीटा या दोन भागांवरून पडतं. अल्फा-१ बीटा-१, अल्फा-४ बीटा-१ आणि अल्फा-व्ही बीटा-३ ही तिन्ही एकत्र सापडतात ती २० ते २४ याच दिवसांत. अल्फा-व्ही बीटा-३ विसाव्या दिवसाच्या सुमाराला उगवतं. एरवी आवरणाच्या पेशींमध्ये इंटिग्रिन खालच्या बाजूला, पायाशी असतं. इथे ते वरच्या बाजूला येतं, जिथे त्याचं नेहमीचं काहीच काम नाही. त्याचा जोडीदार ऑस्टिओपॉन्टिन हे प्रथिन प्रोजेस्टेरॉनच्या प्रभावाखाली अस्तरातल्या ग्रंथी सोडतात. त्यातल्या आर्जिनीन, ग्लायसीन आणि ॲस्पार्टिक आम्ल या तीन दुव्यांच्या क्रमाला, म्हणजे आरजीडीला, इंटिग्रिन धरतं. भ्रूणाच्या बाजूलाही इंटिग्रिन आहेच. ऑस्टिओपॉन्टिन दोघांमधला पूल होऊ शकतं.

याशिवाय ई-कॅडहेरिन आहे, जे समोरच्या पेशीवरच्या ई-कॅडहेरिनलाच धरतं. भ्रूणाचा थर घट्ट राहतो तो त्याच्यामुळे. ज्या उंदरांत ते नाही त्यांच्या भ्रूणांत नीट ट्रोफेक्टोडर्मच बनत नाही. मिचिको फुकुदा यांच्या गटाने १९९५ मध्ये शोधलेलं ट्रोफिनिनही असंच, समोरच्या पेशीवरच्या ट्रोफिनिनलाच धरणारं आहे. ही दोन इथे ओझरती सांगून पुढे जातो, कारण पहिल्या तासाच्या प्रयोगात निर्णायक ठरतात ती सिलेक्टिन आणि इंटिग्रिन.

प्रयोगाच्या टेबलावर उपयोगी पडणारी गोष्ट मात्र या सगळ्यांना समान आहे: त्यांना धातूंचे आयन लागतात. सिलेक्टिन आणि कॅडहेरिनला कॅल्शियम लागतं. इंटिग्रिनला मॅग्नेशियम लागतं, आणि मँगनीज मिळालं तर ते आणखी सज्ज होतं. चिकटण्याच्या प्रयोगात साधं, कॅल्शियम नसलेलं फॉस्फेट बफर धुण्याला वापरलं तर आपण जे मोजायचं तेच धुऊन टाकतो. सवयीने शेल्फवरची जी बाटली हातात येते ती बहुधा तीच असते. आम्ही धुण्यासाठी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असलेलं बफर किंवा ३७ अंशांवर आणलेलं मीडियमच, म्हणजे पेशी वाढवण्याचं पोषक द्रावणच, वापरतो.

आता अस्तर तयार करण्याकडे. मानवी अस्तराच्या ताज्या पेशी दर वेळी मिळत नाहीत, म्हणून पेशीवंश, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवलेल्या पेशी, वापरावे लागतात. आम्ही ग्रहणशील अस्तर म्हणून इशिकावा पेशी घेतो आणि तुलनेला एचईसी-१-ए, ज्यांच्यावर गोळे कमी चिकटतात. दोन्ही मुळात कर्करोगाच्या पेशी आहेत, हे कायम लक्षात ठेवायला लागतं. नवी कुपी उघडली की दोन तपासण्या आधी होतात: एसटीआर या डीएनएच्या चाचणीने ओळख, आणि मायकोप्लाझ्मा या जंतूचा संसर्ग आहे का. इशिकावाच्या बाबतीत तिसरीही करतो, प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर, म्हणजे त्याला ओळखणारं प्रथिन, शिल्लक आहे का. पेशी फार वेळा पुनर्लागवड केल्या, म्हणजे नव्या भांड्यात वाढवायला घातल्या, की तो हळूहळू नाहीसा होतो. मग संप्रेरकं कितीही घाला, काही बदलत नाही, आणि निकाल मात्र 'संप्रेरकांचा परिणाम नाही' असा लिहिला जातो.

२४ वेलच्या, म्हणजे २४ छोट्या खळग्यांच्या, प्लेटमध्ये प्रत्येक वेलमध्ये २ लाख पेशी पेरल्या की दोन-तीन दिवसांत सलग थर होतो. मीडियम फिनॉल रेडशिवायचं घ्यायचं, कारण तो रंग इस्ट्रोजेनसारखा सौम्य परिणाम करतो. त्यात घालायचं सिरम (रक्तातला पेशी नसलेला द्रव) कोळशाने गाळलेलं, म्हणजे त्यातली मूळची स्टिरॉइडं काढून टाकलेलं हवं. या दोन्हींकडे दुर्लक्ष झालं तर 'संप्रेरक न दिलेल्या' पेशींनाही इस्ट्रोजेन मिळतच राहतं आणि दोन गटांतला फरक पुसला जातो. थर पूर्ण झाल्यावर २४ तास १० नॅनोमोलर इस्ट्रॅडिऑल, मग ४८ तास इस्ट्रॅडिऑलसह १ मायक्रोमोलर प्रोजेस्टेरॉन. क्रम उलटा चालत नाही. प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर इस्ट्रोजेनमुळे वाढतो. दोन्ही संप्रेरकं अल्कोहोलमध्ये विरघळवलेली असतात. मीडियममध्ये अल्कोहोल शेवटी ०.१ टक्क्याच्या वर जाऊ देत नाही, आणि नियंत्रण गटाला तेवढंच अल्कोहोल देतो.

थर सलग आहे की नाही, याबद्दल डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. थरात भेग राहिली तर गोळा पेशींना न धरता खालच्या प्लास्टिकला धरतो. प्लास्टिकवर सिरममधलं व्हिट्रोनेक्टिन बसलेलं असतं, आणि व्हिट्रोनेक्टिन हा अल्फा-व्ही बीटा-३ चा आवडता जोडीदार. म्हणजे फाटक्या थरावर इंटिग्रिनचा सुरेख परिणाम मिळतो, अडवणारी अँटिबॉडी, म्हणजे इंटिग्रिनला धरून त्याचं काम थांबवणारं प्रथिन, दिली की तो सुरेख कमीही होतो, आणि त्याचा अस्तराशी काहीही संबंध नसतो. हा सापळा फार गोड आहे, कारण त्यात सगळे आकडे अपेक्षेप्रमाणे येतात. म्हणून प्रत्येक खेपेला काही वेल झेडओ-१ या पेशींमधल्या सांध्यांवरच्या प्रथिनासाठी रंगवायच्या. जाळी अखंड दिसली तरच बाकीच्या वापरायच्या.

इंटिग्रिन वरच्या बाजूला आलंय का, हेही वेगळं बघावं लागतं. पेशी फोडून प्रथिन मोजलं तर पायाशी असलेलं इंटिग्रिनही त्यात येतं आणि आकडा फसवतो. ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडने स्थिर करून, डिटर्जंट न वापरता रंगवलं तर अँटिबॉडी आत शिरत नाही आणि मुख्यतः वरचा पृष्ठभाग दिसतो. त्यावर कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाने उभा छेद घ्यायचा. सिलेक्टिनच्या साखरेसाठी मेका-७९ ही अँटिबॉडी आहे. ती छोट्या उंदरातली (माउस) नव्हे तर मोठ्या उंदरातली, म्हणजे रॅटमधली, आयजीएम या प्रकारची आहे. तिला ओळखून उजळणारी दुय्यम अँटिबॉडी रॅटच्या आयजीएमला ओळखणारीच लागते. नेहमीची, आयजीजी हा दुसरा प्रकार ओळखणारी घेतली तर काहीच उजळत नाही, आणि साखर नाहीच असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

भ्रूणाच्या जागी आम्ही जेएआर पेशींचे गोळे, म्हणजे स्फेरॉइड, वापरतो. या कोरिओकार्सिनोमा या कर्करोगाच्या, ट्रोफोब्लास्ट म्हणजे वार घडवणाऱ्या पेशींच्या वंशातल्या पेशी आहेत. त्या सोडवतानाच पहिली काळजी घ्यावी लागते. ट्रिप्सिनने पृष्ठभागावरची प्रथिनं कापली जातात. कॅल्शियम नसताना ई-कॅडहेरिन तर विशेष लवकर. एल-सिलेक्टिन आणखी नाजूक, पेशीला थोडा त्रास झाला तरी तिचंच एडॅम-१७ हे एन्झाइम ते कापून टाकतं. म्हणून सौम्य द्रावणाने कमीत कमी वेळ पेशी सोडवायच्या, आणि गोळे बनायला ४८ तास द्यायचे, म्हणजे पृष्ठभाग पुन्हा भरून येतो. शंकूच्या आकाराच्या फ्लास्कमध्ये १ मिलीला १ लाख या हिशेबाने पेशी घेऊन फिरत्या शेकरवर मिनिटाला ११० फेऱ्यांच्या आसपास ठेवलं की गोळे आपोआप जमतात. वेग कमी पडला तर मोठे, वेडेवाकडे लगदे होतात. जास्त झाला तर पेशी सुट्याच राहतात.

सिलेक्टिनबद्दलचा प्रयोग असेल तर गोळ्यांवर एल-सिलेक्टिन प्रत्यक्षात आहे का, हे एकेक पेशी रंगवून तपासणाऱ्या फ्लो सायटोमेट्रीने आधीच बघून घ्यावं. नसेल, तर ते अडवून काही फरक पडला नाही यातून भ्रूणाबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

गोळ्यांचा आकार हा या प्रयोगातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. आम्ही ते २०० मायक्रोमीटरच्या जाळीतून गाळतो आणि १०० मायक्रोमीटरच्या जाळीवर अडकलेले तेवढे घेतो. ब्लास्टोसिस्टचा आकार याच मापात येतो, हे एक कारण. दुसरं कारण भौतिकीचं आहे. प्लेट उलटी करून सेंट्रिफ्यूज केली की गोळ्यावर त्याला सोडवणारा जो ओढा बसतो तो त्याच्या घनफळावर ठरतो. व्यास दुप्पट झाला की घनफळ आठपट होतं. अस्तराला टेकलेला भाग मात्र तितका वाढत नाही. त्यामुळे मोठे गोळे केवळ मोठे म्हणून सुटतात. औषध दिलेल्या गटातले गोळे सरासरीने थोडे मोठे निघाले, तर औषधाने चिकटणं कमी केलं असं वाटतं. दोन्ही गटांच्या गोळ्यांचे व्यास फोटोवरून मोजून शेजारी शेजारी लिहायचे, तेव्हाच या शंकेचं निरसन होतं.

आता प्रत्यक्ष चिकटवणं. थरावरचं सिरमवालं मीडियम काढून सिरमशिवायचं, १ टक्का अल्ब्युमिन घातलेलं मीडियम घालायचं. सिरममधलं फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन इंटिग्रिनच्या जागा आधीच अडवून बसतं, म्हणून हा बदल. पण सिरमशिवाय पेशी फार वेळ ठेवू नयेत. थर सैल पडायला लागतो. प्रत्येक वेलमध्ये ३० ते ४० गोळे, रुंद तोंडाच्या पिपेटने, मध्यावर नव्हे तर पसरून. अरुंद टोकातून गोळे ओढले तर ते फाटतात आणि त्यांची सुटी झालेली पिल्लं मोजणीत घोळ घालतात. गोळे आधीच कॅल्सीन या चमकणाऱ्या रंगाने चमकते करून ठेवले तर मोजणी सोपी होते. सगळं ३७ अंशांवर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये. सुरुवातीची मोजणी करताना प्लेट बाहेर थंड पडली तर इंटिग्रिनची हालचालच मंदावते. तापवलेला मंच नसेल तर आम्ही आधी फोटो काढून घेतो आणि मोजणी नंतर करतो.

किती वेळ ठेवायचं हे प्रश्नावर अवलंबून आहे. १५ ते ३० मिनिटांनी हलकं धुतलं की पहिल्या, लवकर सुटणाऱ्या बंधांची पकड मोजली जाते. १ तासाने इंटिग्रिनचे पुंजके जमू लागलेले असतात. ४ तासांनंतर पेशींचा सांगाडाही त्यात ओढला गेलेला असतो, आणि २४ तासांनी गोळा थरात घुसू लागतो. तेव्हा मोजतो ते चिकटणं राहत नाही. एकच वेळ निवडून 'सिलेक्टिनचा परिणाम नाही' असं म्हणणं म्हणजे पाहुणा निघून गेल्यावर दार उघडून कोणी आलंच नाही असं म्हणण्यासारखं होईल, म्हणून मोजणीच्या किमान तीन वेगवेगळ्या वेळा घ्याव्यातच.

धुण्यासाठी आम्ही पिपेटचा मारा वापरत नाही. हात बदलला की जोर बदलतो, आणि तोच माणूस सकाळ-संध्याकाळ वेगळा मारतो. त्याऐवजी वेल काठोकाठ भरायच्या, वर चिकट फिल्म लावायची, प्लेट उलटी करायची आणि १२ जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या १२ पट जोरावर) ५ मिनिटं फिरवायची. वेल काठोकाठ भरणं इथे कळीचं आहे. आत हवेचा बुडबुडा राहिला तर उलटी करताना द्रव आणि हवेची सीमा थरावरून सरकते, आणि त्या पृष्ठताणाचा ओढा सेंट्रिफ्यूजपेक्षा कितीतरी जास्त असतो. एका वेलमधले सगळेच गोळे गेले आणि शेजारच्या वेलमधले जागच्या जागी राहिले, तर आधी बुडबुड्याचा संशय घ्यावा.

१२ जी म्हणजे किती, याचा हिशेब करून ठेवलेला बरा. रोटरची त्रिज्या १५ सेंटिमीटर असेल तर त्यासाठी मिनिटाला साधारण २७० फेरे लागतात. नोंदवहीत फेरे न लिहिता जी लिहायचं, कारण दुसऱ्या यंत्रावर त्याच फेऱ्यांचा जोर वेगळा असतो. १५० मायक्रोमीटरचा गोळा मीडियमपेक्षा सुमारे ५ टक्क्यांनी जड धरला, तर १२ जीवर त्याला साधारण १० नॅनोन्यूटनचा ओढा बसतो. इंटिग्रिनचा एकेक बंध काही दहा पिकोन्यूटनला तुटतो. म्हणजे जो गोळा टिकला तो एकाच वेळी काही शे बंधांनी धरलेला असणार. हा अंदाज ढोबळ आहे, पण कामाचा आहे. यातून समजतं की १२ जीवर सिलेक्टिनचे क्षणभर टिकणारे बंध एकटे कधीच दिसणार नाहीत. ते पाहायचे तर १ ते ३ जीसारखा हलका जोर किंवा संथ वाहता प्रवाह लागतो. म्हणून आता आम्ही एकाच वेळेच्या प्लेट वेगवेगळ्या जोरांवर धुतो. संप्रेरकांमुळे हलक्या जोरावरचा आकडा वाढला पण जड जोरावरचा तसाच राहिला, तर अस्तराने गोळ्यांना थांबवलं, धरलं मात्र नाही. दोन्ही वाढले तर इंटिग्रिनकडे वळायचं.

रेणू अडवून पाहण्याची पायरी सर्वांत खर्चिक आहे आणि तिथेच सर्वांत जास्त चुकीचे निष्कर्ष निघतात. अल्फा-व्ही बीटा-३ साठी एलएम-६०९ ही काम थांबवणारी अँटिबॉडी, १ मिलीला १० मायक्रोग्रॅम, गोळे घालण्याआधी १ तास. शेजारच्या वेलमध्ये त्याच जातीची, तेवढीच, पण काही न ओळखणारी अँटिबॉडी. बाटलीत परिरक्षक म्हणून सोडियम अझाइड असेल तर ते आधी काढायलाच हवं; ते पेशींचं श्वसन थांबवतं, आणि मेलेली पेशी चिकटत नाही. अँटिबॉडीला दोन हात असतात, त्यामुळे ती दोन इंटिग्रिन जवळ ओढून उलट त्यांना जागंही करू शकते. शंका आली तर एकाच हाताचे फॅब तुकडे वापरून पडताळायचं. आयजीएम तर इतकी मोठी असते की शेजारच्या रेणूंवरही तिची सावली पडते. मेका-७९ ने चिकटणं कमी झालं तर ते साखर अडल्यामुळे की नुसत्या आडकाठीमुळे, हे दुसऱ्या बाजूने, म्हणजे गोळ्यावरचं एल-सिलेक्टिन ड्रेग-५६ ने अडवून बघावं लागतं. दोन्हीकडून सारखाच परिणाम आला तर विश्वास बसतो.

आरजीडी असलेलं छोटं पेप्टाइड स्वस्त पडतं. पण त्याच्यासोबत आरजीई पेप्टाइड हवंच. एकच दुवा बदललेला, आणि इंटिग्रिन त्याला धरत नाही. आरजीडी अनेक इंटिग्रिनना एकदम अडवतं, त्यामुळे त्यातून 'बीटा-३ मुळे' असं म्हणता येत नाही. ते एवढंच सांगतं की या कुटुंबातलं कोणीतरी कामाला आहे. यांच्या जोडीला दोन टोकांची नियंत्रणं प्रत्येक प्लेटवर असावीत. एका वेलमध्ये १ मिलिमोलर मँगनीज. त्याने इंटिग्रिन सज्ज होऊन आकडा वर जायला हवा. दुसरीत ५ मिलिमोलर ईडीटीए, जे आयन काढून घेतं. सुरुवातीच्या वेळांना त्याने जवळजवळ सगळे गोळे सुटायला हवेत. ईडीटीएनंतरही गोळे बसून राहिले तर ते रेणूंनी नव्हे, दुसऱ्याच कशाने धरलेत. ईडीटीए ५ मिनिटांच्या पुढे नेऊ नये, नाहीतर अस्तराचा थरच गोळ्यांसकट उचलून येतो.

इथपर्यंत सगळं जमलं आणि बीटा-३ अडवल्यावर गोळे सुटले, तरी त्यावरून स्त्रीच्या शरीराबद्दल मोठं विधान करू नये असं आम्ही आग्रहाने सांगतो. बीटा-३ नसलेल्या उंदरिणींना पिल्लं होतात. ग्लान्झमान थ्रॉम्बॅस्थेनिया या रक्तस्रावाच्या आजारात काही स्त्रियांत बीटा-३ च सदोष असतं, आणि त्यांनाही गर्भ राहिल्याची उदाहरणं आहेत. त्यांच्यापुढचा धोका रक्तस्रावाचा असतो. याउलट बीटा-१ नसलेले उंदरांचे भ्रूण रुजण्याच्या सुमारासच मरतात. निसर्गाने या जागी एकच कडी ठेवलेली नाही. अस्तराच्या एका तुकड्यात बीटा-३ कमी रंगलं म्हणून एखाद्या जोडप्याला 'यामुळेच गर्भ राहत नाही' असं सांगणं हे पुराव्याच्या पुढे जाणं आहे. त्या एका वाक्याचा भार त्यांना वर्षानुवर्षं वाहावा लागतो.

पेशीवंशाच्या मर्यादा आता काही प्रमाणात ओलांडता येतात. २०१७ मध्ये मानवी अस्तरापासून ऑर्गनॉइड, म्हणजे अवयवासारखी रचना असलेले छोटे पेशीगोळे, वाढवता आले. त्यांत संप्रेरकांना प्रतिसाद अस्सल मिळतो, पण पेशींची वरची बाजू आतल्या पोकळीकडे असते. भ्रूण बाहेरून येणार, म्हणून ते सुटे करून सपाट थरात पसरवावे लागतात. निकोला रिव्हरॉन यांच्या गटाने २०२२ मध्ये मूळपेशींपासून बनवलेले ब्लास्टॉइड, म्हणजे ब्लास्टोसिस्टच्या प्रतिकृती, अशाच थरावर ठेवले. संप्रेरकं दिलेल्या थराला ते चिकटले, न दिलेल्याला नाही, आणि चिकटले ते पुंजक्याच्या बाजूने, खऱ्या भ्रूणासारखे. जेएआरच्या गोळ्याला अशी बाजूच नसते. तो सगळीकडून सारखाच. म्हणून 'कोणत्या बाजूने' हा प्रश्न आम्ही आमच्या प्लेटला विचारतच नाही. ऑर्गनॉइडच्या थराला एक नवी अडचणही येते: खाली मॅट्रिजेल हा पेशींना आधार देणारा जेल असतो, ज्यात लॅमिनिन आणि चौथ्या प्रकारचं कोलॅजन भरपूर. भेग राहिली तर गोळा त्याला प्लास्टिकपेक्षाही घट्ट धरतो. झेडओ-१ ची तपासणी इथे अधिकच गरजेची.

शेवटी मोजणी. एका प्लेटमधल्या सहा वेल म्हणजे सहा प्रयोग नव्हेत. त्यांत एकाच दिवशीच्या पेशी, एकाच फ्लास्कमधले गोळे आणि एकच धुणं असतं. त्या सहांची सरासरी हा एक आकडा धरायचा, आणि वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पुनर्लागवडीच्या पेशींवर केलेले प्रयोग मोजायचे. वेल वेगवेगळ्या धरून गणित केलं तर नगण्य फरकही ठळक दिसायला लागतो. प्लेट उलटण्याआधीचा आणि नंतरचा फोटो तळाशी कोरलेल्या एकाच खुणेवरून काढतो. मग गटाची नावं झाकून दोघेजण स्वतंत्रपणे मोजतात. त्यांचे आकडे जुळले नाहीत तर फोटो पुन्हा उघडून बघतो; बहुतेक वेळा भांडण अर्धवट सुटलेल्या, एका कडेने लोंबणाऱ्या गोळ्यांवरून असतं. असे गोळे 'चिकटलेले' धरायचे की नाही हे प्रयोग सुरू होण्याआधी ठरवून नोंदवहीत लिहिलेलं असावं.